बाराव्या खांबापलीकडे

१

गेल्या वर्षीपर्यंत मी मलकापूरच्या एका हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर होतो. पोरांकडून घागर, कंदील, जास्वंदीचं फूल काढून घ्यायचं, त्यांना सरकारी परीक्षेला बसवायचं आणि उन्हाळ्याच्या सुटीत स्वतःचं एखादं चित्र करायचं, असा सात वर्षांचा माझा क्रम होता. १९६२ च्या मे महिन्यात मला नागपूरच्या प्रदर्शनासाठी एक मोठं तैलचित्र करायचं होतं. मला चित्रकला शिकवणारे गुरुजी म्हणायचे, "इंद्रभान, वस्तू तू चांगल्या काढतोस. दोन वस्तूंच्या मधली हवा तुला काढता येत नाही." गुरुजींना जाऊन तीन वर्षं झाली होती, पण ते बोलणं काही माझ्या मनातून जात नव्हतं.

ती हवा मला रुईच्या गोदामात सापडली. रेल्वेलाइनच्या अलीकडे एका जिनिंग फॅक्टरीच्या आवारात ते गोदाम होतं. हंगाम संपून कापसाचे दाबलेले गठ्ठे, गठाणी, मुंबईला गेल्या की ते दिवाळीपर्यंत रिकामं पडायचं. वर पत्रे, पत्र्यांत मधे मधे बसवलेल्या काचा, दोन्ही बाजूंना सागवानी खांबांच्या रांगा आणि पार टोकाला चुना मारलेली भिंत. त्या भिंतीला दार नाही, खिडकी नाही. कापसाचा बारीक भुरका आत कायम तरंगत असायचा. काचांतून उन्हाचे पट्टे खाली उतरले की हवा डोळ्यांना दिसायची. पहिला खांब काळा-तांबूस, धारदार कडांचा. त्यापुढचा जरा भुरा. मग निळसर. शेवटचा तर भिंतीच्या रंगात विरघळत आलेला.

शेठजींनी परवानगी दिली आणि चौकीदार उकंडरावांनी चावी. दारापासून चार पावलं आत मी स्टूल ठेवलं, समोर चित्राच्या लाकडी घोडीवर मांजरपाटाचा ताणलेला कॅनव्हास लावला आणि कोळशानं रेघा मारायला लागलो. सकाळी सातला जायचो, दुपारी जेवणापुरता थांबायचो, ऊन कललं की घरी. बाहेर उकंडराव लिंबाखाली खाटेवर पडलेले असायचे. आत पत्रे तापून तडतडायचे. त्याखेरीज आवाज नाही.

तिसऱ्या दिवशी निघताना सहज चित्रातले डाव्या बाजूचे खांब मोजले. बारा होते. मोजल्याचं कारण एवढंच की शेवटच्या दोन खांबांतलं अंतर मला कमी वाटत होतं. मग मी गोदामातून चालत गेलो, प्रत्येक खांबाला हात लावत. अकरा खांब, आणि लगेच भिंत.

काढताना चूक झाली, असं म्हणून मी बारावा खांब पुसला.

२

पण माझी चूक होत नाही. हे मी गर्वानं सांगत नाही. मोजून काढणं एवढी एकच गोष्ट मला नीट येते. हात ताठ करून ब्रशचा दांडा डोळ्यासमोर धरायचा, एक डोळा मिटायचा, दांड्यावर अंगठा सरकवून माप घ्यायचं आणि तेच कॅनव्हासवर उतरवायचं. त्यात मनचं काही घालायला जागाच नसते.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा मापं घेतली. पुन्हा बारा आले.

उन्हानं होत असेल. चव्वेचाळीस-पंचेचाळीस डिग्री उन्हाळा, त्यात पांढऱ्या भिंतीकडे दिवसभर बघायचं. मी डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून दहा मिनिटं बसलो. मग शाळेचा खडू खिशात होता तो काढला आणि प्रत्येक खांबावर हातभर मोठा आकडा लिहीत गेलो. एक, दोन, तीन. अकरा लिहिला आणि भिंतीला हात लावला. भिंत गरम होती.

परत येऊन स्टुलावर बसलो.

डावीकडची रांग सरळ समोर जात होती. नऊ दिसत होता. दहा दिसत होता. अकरा पुसट, पण वाचता येत होता. आणि त्याच्या पुढे, बरोबर तेवढंच अंतर सोडून, एक खांब उभा होता. त्याच्यावर आकडा नव्हता.

मी उठून उभा राहिलो. तो खांब नव्हता. अकरा आणि मागे भिंत. बसलो. खांब होता, आणि भिंत त्याच्या मागे गेलेली. चार-पाच वेळा मी असा उठलो-बसलो. पाठीवरून घाम उतरत होता आणि तरी अंगावर काटा होता. त्याच वेळी चावी देऊन टाकायला हवी होती. एवढं कळण्याइतकी अक्कल मला होती.

पण मी ब्रश उचलला. त्या बाराव्या खांबाच्या अलीकडची हवा जशी निळी होत गेली होती, तशी हवा मी जन्मात पाहिली नव्हती.

३

माझी बायको वच्छला ही धामणगाव बढ्याची. बोलकी, हसरी. माझ्या चित्रांचं तिला कधी फार कौतुक नव्हतं आणि ते ती लपवायचीही नाही. दुपारी ती डबा आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. दारातच पदरानं वारा घेत म्हणाली, "बाप्पा, ही तं भट्टी हाय." मग चित्रासमोर उभी राहून तिनं ते बराच वेळ पाहिलं.

"यात माणूस कुठी हाय?"

"नाहीच त्यात माणूस. जागेचं चित्र आहे ते."

"मंग भेव वाटते. घरातलं सारं सामान काढून नेल्यावानी."

ती हसत बोलली, पण तिचं खरं होतं. माणूस नसला की जागा केवढी आहे ते बघणाऱ्याला कळत नाही. मी म्हणालो, "तू जाऊन उभी राहतेस का तिकडे? शेवटच्या खांबाजवळ?"

त्या वेळी मी तिला काहीच सांगितलं नाही. मला वाटत होतं, ती अकराव्या खांबाशी पोचेल, मागे भिंत असेल, आणि माझ्या डोळ्यांचा खेळ तिथेच संपेल. खरंच वाटत होतं का? आता नक्की सांगता येत नाही.

ती निघाली. हिरव्या लुगड्यातली तिची पाठ एकेक उन्हाचा पट्टा ओलांडत लहान होत गेली. मी स्टुलावर होतो. ती अकराव्या खांबाशी थांबली आणि वळून ओरडली, "अजून मांगं जाऊ का?"

मी हातानं खूण केली. मागे.

ती मागे सरकली. आकडा नसलेल्या खांबाला टेकून उभी राहिली. मी दांडा धरून तिचं माप घेतलं, ते नखाएवढं भरलं. तिथून ती काहीतरी बोलली. तिचे ओठ हलून मिटले, आणि मग तिचा आवाज माझ्यापर्यंत आला.

परत आल्यावर तिनं आपला हात माझ्यापुढे धरला. दंडावर काटा होता. "पाहा ना, तिथी कसं गार हाय. माठाजवळ बसल्यावानी. मी उद्याही येते."

४

त्यानंतर ती रोज यायला लागली. घरी पत्र्याखाली जीव उबून जायचा आणि इथे तिला फुकटचा गारवा मिळत होता. मला डबा दिला की ती लगेच चालायला लागायची. रोज एक-दोन खांब पुढे. मी हाक मारली की परत यायची. वर एकदा विचारायची, "आज कसं झालं हो?"

आज खरंच छान झालं, असं मी म्हणायचो, आणि ते खरं असायचं. चित्र जिवंत होत होतं. तिचा तो हिरवा ठिपका मी जेवढा लांब नेत होतो, तेवढी हवा आत शिरत होती. मी तिला सांगितलं असतं तर ती गेली नसती. म्हणून मी सांगितलं नाही. याहून चांगलं कारण माझ्याजवळ नाही.

पाचव्या दिवशी ती परत आली ती जरा विचारात पडलेली. "त्या अंगाले कोण राह्यते हो?"

"कोणी नाही. पलीकडे रेल्वेचे रूळ आहेत."

"मंग पाणी कोण भरून राह्यलं? घागरीतून घागरीत ओतल्यावानी आवाज येते. सारखा."

ती घरी गेल्यावर मी गोदामाला बाहेरून चक्कर मारली. मागच्या भिंतीपलीकडे खडी, वाळलेलं गवत आणि रूळ. विहीर नाही, नळ नाही. बाहेरून पावलांनी लांबी मोजली. अकरा खांबांना पुरेल तेवढीच भरली.

उकंडराव खाटेवरून माझ्याकडे बघत होते. साठीचा, कमी बोलणारा माणूस. मी त्यांना आत नेलं, म्हटलं, "उकंडराव, या स्टुलावर बसा अन् समोर पाहा जरा. खांब किती दिसतात ते सांगा."

ते बसले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांनी बोटानं मोजायला सुरुवात केली. बोट थोडा वेळ हललं आणि मग हवेतच राहिलं.  मग ते उठले, धोतर झटकलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मास्तर, चित्र पुरं झालं असन तं चावी देऊन टाका जी."

"काऊन? काय दिसलं तुमाले?"

"काई नाई दिसलं. शनवारपर्यंत आवरा म्हंजे झालं." दाराबाहेर गेल्यावर ते थांबले. "अन् वहिनीले आत नका पाठवत जाऊ."

५

शनिवारी मी ठरवून गेलो होतो की वच्छलाला जाऊ द्यायचं नाही. ती आली तेव्हा साडेबारा झाले असतील. मी म्हणालो, "आज नको जाऊ. चित्र झालं."

"तुमचं चित्र झालं असन. माह्यं थंड व्हायचं राह्यलं ना!" आणि पाण्याचा तांब्या उचलून ती हसत निघालीसुद्धा. "आज त्या पाणीवालीले पाहूनच येते."

मी तिचा हात धरू शकलो असतो. ती हाताच्या अंतरावर होती. पण चित्रात एक जागा अजून कोरी होती. सगळ्या रेषा जिथे जाऊन मिळतात, ती अगदी शेवटची जागा. तिथे काय आहे ते मला दिसलेलं नव्हतं. मी तिला जाऊ दिलं.

ती जाता जाता खांबांवरचे आकडे मोठ्यानं वाचत होती. पोरं पाढे म्हणतात तसं. "सात... आठ... नऊ..." आवाज बारीक होत गेला. "धा... अकरा." मग जरा थांबून, लांबून, "याच्यापुढचे आकडे नाई घातले का हो तुमी?"

मी ब्रश रंगात बुडवला.

ती चालत राहिली. हिरवा ठिपका निळसर झाला, मग राखाडी. मग कोणता ठिपका तिचा आणि कोणता भुरक्याचा ते मला ओळखू येईना.

"वच्छला!"

 पत्रे तडतडत होते.

मी धावलो. आठ, नऊ, दहा, अकरा, आणि समोर चुन्याची भिंत. मी दोन्ही हातांनी तिच्यावर मारलं. भिंत भरीव होती आणि हात भाजत होते. कान लावला. पलीकडून रेल्वेच्या डब्यांचा खडखडाट आला. गाडी गेल्यावर काही नाही.

मग मला कळलं की मी उठायलाच नको होतं. मी परत धावत येऊन स्टुलावर बसलो. खांब दिसले. पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त, मोजता येणार नाहीत इतके. वच्छला त्यांत नव्हती.

६

मी तसाच बसलो. हाका मारत राहिलो. थोडं जरी अंग उचललं तरी लांबचे खांब मिटायला लागायचे, म्हणून मांड्या स्टुलाला दाबून धरल्या. उकंडरावांना हाक मारायची म्हणजे मागे वळून बघायचं. तेही करवेना.

उन्हाचे पट्टे जमिनीवरून सरकत भिंतीच्या बुडाशी गेले, तेव्हा कुठे पार टोकाला काहीतरी हललं. मी दांडा धरून माप घेतलं. तांदळाच्या दाण्याएवढं. पुन्हा घेतलं. किंचित वाढलं होतं. ती येत होती. माझ्या घशातून रडूच फुटलं.

मग दिसलं की तिथे दोघी आहेत.

एक पुढे, एक मागे. दोघी लुगड्यातल्या, दोघींचे पदर डोक्यावर. पुढची एकसारखी चालत होती. मागची अडखळत होती, खांबाला धरत होती. मला वाटलं, पुढची वच्छला. कोणीतरी तिच्या मागे लागलं आहे. ती अकराव्या खांबाच्या अलीकडे आली की ताडकन उठायचं, म्हणजे मागचं जे काय आहे ते तिथेच मिटेल. मी पाय जमिनीत रोवून तयार राहिलो.

पुढची अकरा नंबर ओलांडून आली. दहा. नऊ.

आणि मी उठलो नाही. माझे पाय उठत होते, पण डोळे उठू देत नव्हते. काहीतरी चुकत होतं आणि काय चुकतं ते समजायला मला दोन खांबांइतका वेळ लागला.

तिचा रंग बदलत नव्हता. आठव्या खांबाजवळचं माणूस त्या खांबाइतकं गडद दिसायला पाहिजे. कडा उमटायला पाहिजेत, लुगड्याचा रंग कळायला पाहिजे. खांब तांबूस होता आणि ती मात्र तशीच निळसर राखाडी, टोकाच्या भिंतीच्या रंगाची. आणि तिच्या कितीतरी मागे, जिथे कुठलाच रंग टिकत नाही तिथे, मागची बाई हिरवी होती. दुबळी, अडखळती, पण स्वच्छ हिरवी.

आता उठलो असतो तर वच्छला पलीकडे राहिली असती.

मी डोळे त्या हिरव्या ठिपक्यावर रोवले. पुढची चालत आली. सात. पाच. तिच्या पावलांचा आवाज नव्हता. तीन. मी तिच्याकडे बघत नव्हतो, पण नजरेच्या कडेला ती मोठी होत गेली. पहिल्या खांबाशी ती आली तेव्हा गारवा आधी पोचला. मग ती माझ्या उजव्या अंगाला येऊन थांबली. हाताच्या अंतरावर. एवढ्या जवळ येऊनही ती दूरच होती. तिच्या कडा पुसट होत्या, आणि मी मान वळवली असती तरी चेहऱ्याच्या जागी मला किती दिसलं असतं कोण जाणे. ती वाकली. माझ्या चित्राकडे बघत असावी. माझ्या कानाशी तिनं श्वास घेतला, तो फार लांबून ऐकू आला.

मी डोळ्याची पापणी हलवली नाही. पाणी गालावरून खाली वाहत होतं.

ती माझ्या मागून दाराकडे गेली.

पुढे किती वेळ गेला ते माहीत नाही. वच्छला बाराव्या खांबाशी बसली. मी ओरडलो, शिव्या दिल्या, तिच्या आईच्या नावानं विनवलं. ती उठली. खडूनं लिहिलेल्या अकरा आकड्याला तिनं हात लावला आणि अलीकडे आली, तशी मी स्टूल लाथेनं उडवून तिच्याकडे धावलो.

७

तिचे ओठ फुटले होते. टाचांना भेगा पडून रक्त आलं होतं. तांब्या रिकामा होता. माझ्या हिशेबानं साडेचार-पाच तास झाले होते. ती पहिलं बोलली ते एवढंच, "दोन दिवस हाका मारून राह्यले मी. तुमी ओ काऊन नाई देल्ली?"

घोडी, चित्र, रंगाची पेटी, सगळं तिथेच टाकून मी तिला धरून दारापर्यंत आणलं आणि आधी स्वतः बाहेर डोकावलो. ऊन उतरलं होतं. उकंडराव खाटेवर बसून तंबाखू मळत होते. मला एकट्याला दारात पाहून म्हणाले, "वहिनी तं कव्हाच गेल्या घराकडे. म्या इचारलं, मास्तरचं झालं का? तं बोलल्याच नाई. पदर ओढेल होता तोंडावर..."

तेवढ्यात माझ्या मागून वच्छला उजेडात आली. उकंडरावांच्या हातातली तंबाखू खाली सांडली. ते उठले, आमच्याजवळून गेले आणि आत न बघता त्यांनी गोदामाचं दार ओढून कुलूप घातलं. 

आम्ही भाड्यानं राहायचो ते घर वामनराव नावाच्या गृहस्थांचं. अर्ध्या भागात ते आणि त्यांची बायको गीताबाई, अर्ध्यात आम्ही. गल्लीच्या तोंडाशी गीताबाई भेटल्या. हातात दळणाचा डबा होता. वच्छलाला बघून त्या जागीच थांबल्या.

"अवं, तू तं आत्ताच घरात गेली. म्या हाक मारली तुले. मंग आता लंगडत कुठून आली?"

गल्लीतून आमचं दार दिसत होतं. वच्छलानं दुपारी निघताना बाहेरून कडी घातलेली, ती आता खाली लोंबत होती. दार आतून लोटलेलं. पत्र्यावरून चुलीचा धूर निघत होता. आणि आतून एक आवाज येत होता. घागरीतून घागरीत पाणी ओतल्याचा. सावकाश, एकसारखा.

वच्छलानं माझं मनगट पकडलं. तिची बोटं रुतली.

"चला इथून," ती कुजबुजली.

आम्ही वळलो. दहा पावलंही गेलो नसू, तोच मागे दार करकरलं आणि आतून कोणीतरी हाक मारली, "अहो!" आवाज वच्छलाचा होता. फक्त तो फार अंतरावरून येत होता.

मी मागे पाहिलं नाही.

८

मोताळ्याकडे जाणाऱ्या शेवटच्या एसटीत आम्हाला जागा मिळाली. वच्छलाच्या माहेरी जायचं, एवढंच ठरलं होतं. ती खिडकीशी बसली. गाव मागे पडल्यावर तिनं विचारलं, "तिथी जागा नाही, हे तुमाले माईत होतं?"

खोटं बोलायची ताकद माझ्यात उरली नव्हती. "हाव," मी म्हणालो.

"पह्यल्या दिवसापासून?"

"हाव."

तिनं पदर आवळून घेतला आणि ती खिडकीकडे सरकली. आमच्या दोघांच्या मधे वीतभर बाक रिकामा राहिला. मग ती बाहेर बघतच बोलायला लागली.

"ती बाई रडून राह्यली होती. तिच्यापाशी घागरी होत्या, पण पाणी नव्हतं एकीतबी. आवाज तेवढा होता. म्या तिले तांब्यातलं पाणी पाजलं. म्हणे, मलेबी असंच कोणी तरी उभं केलं होतं. मांगं सरक, अजून मांगं सरक, म्हणत. मंग तो बोलवायचंच इसरला."

"कोण होती?"

"नाव आठवत नव्हतं तिले. मले म्हणे, तुह्यं नाव काय? म्या सांगतलं. घर कुठी? तेबी सांगतलं." वच्छलानं डोळे पुसले. "म्हणलं, माह्याच्यानं आता चालवत नाही. तू पुढे हो बाई. घरी जाऊन चूल पेटव."

धामणगावात तिच्या आईनं, अंबूबाईंनी, तिचे पाय कढत पाण्यानं धुतले. मी मलकापूरला परत गेलो नाही. राजीनामा टपालानं पाठवला. जूनमध्ये खामगावच्या एका शाळेत जागा मिळाली आणि आम्ही इथे येऊन राहिलो. मी आता भूमितीचे तास घेतो. ब्रश हातात धरत नाही. वच्छला पूर्वीसारखी बोलत नाही, निदान माझ्याशी.

श्रावणात वामनरावांचं कार्ड आलं; खामगावचा पत्ता त्यांना माझ्या जुन्या शाळेतून मिळाला होता. त्यांनी रागानं लिहिलं होतं. "वहिनींना इथे एकटं टाकून आपण निघून गेलात, हे शोभलं नाही. त्या दार उघडत नाहीत, पण सकाळी अंगणात सडा घातलेला असतो. मास्तर कधी येणार, असं दाराआडून रोज विचारतात." गीताबाईंनी त्यांना त्या संध्याकाळचं काय सांगितलं, आणि त्यांनी त्यावर कितपत विश्वास ठेवला, कोण जाणे. मी कार्ड फाडून टाकणार होतो. वच्छलानं ते माझ्या हातातून घेतलं, वाचलं आणि देव्हाऱ्यामागे ठेवलं.

दुसरं कार्ड कार्तिकात आलं. त्यात राग नव्हता. अक्षर वेडंवाकडं होतं. "काल त्या म्हणाल्या, मास्तर येत नाहीत तर आता मीच निघते. खामगावचा रस्ता कोणता, असं विचारलं. मी सांगितला. आज सकाळी दार सताड उघडं होतं. आत कोणी नाही. घरातली भांडी, वाट्या, दिव्याची पणतीसुद्धा, काठोकाठ पाण्यानं भरून ठेवलेली आहेत."

मलकापूरहून खामगाव एसटीनं दोन-अडीच तासांवर आहे. पायी आलं तरी दोन दिवस. त्या कार्डाला आता चार महिने होऊन गेले. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, सुटलो. पण मी तिला चालताना पाहिलं आहे. ती सावकाश चालते आणि मधे कुठे थांबत नाही.

परवा बाजारातून वच्छलानं पितळेचं एक नवं ताट आणलं. घासूनपुसून आमच्या दोन ताटांच्या शेजारी उभं करून ठेवलं. कोणासाठी, ते मी विचारलं नाही. तेव्हापासून जेवताना मी दाराकडे पाठ करून बसत नाही.